‘नम्म बोर्ड’ म्हणजे आमचा बोर्ड की आपला बोर्ड? पिक्चरमधल्या पारंपरिक आणि उत्तर-संरचनावादी गोष्टीबद्दल

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुझे आज्जा खानापूरचे बोर्ड पेंटर, दुकानांच्या पाट्या मराठीत पण लिहायचे आणि कन्नडमध्ये पण. एका रात्री त्यांच्या स्वतःच्याच दुकानावरच्या पाटीला कुणीतरी डांबर फासलं. कुणी फासलं ह्याबद्दल आज्जी एक सांगते, पप्पा दुसरं सांगतात, आणि आज्जांचे धंद्यातले जोडीदार, ज्यांना घरात सगळे मामा म्हणतात आणि ज्यांची घरची भाषा कन्नड, ते तिसरंच सांगतात. तुला ह्याची वीसेक मिनिटांची शॉर्टफिल्म करायचीय. वर्कशॉपमध्ये तुला सांगितलं की सुरुवात-मध्य-शेवट हे आता जुनं झालं, पोस्ट-स्ट्रक्चरलिस्ट म्हणजे उत्तर-संरचनावादी पद्धतीनं कर, टाइमलाइन तोड. तर दोन्हीत नेमका फरक काय आणि तू कुठली वाट धरावीस, असा प्रश्न आहे.

मी बेळगावात शहापूरला बसून चोवीस वर्षं एडिटिंग करतोय. लग्नाच्या कॅसेटपासून सुरू केलं, मग डॉक्युमेंटरी, शॉर्टफिल्म, दोन फीचर, काही मराठी काही कन्नड. थिअरी नंतर वाचली, जेव्हा जेव्हा टेबलावर अडकलो तेव्हा तेव्हा. त्यामुळं सांगतोय ते टेबलावरून सांगतोय असं समज.

पहिलं म्हणजे टाइमलाइन तोडली की गोष्ट उत्तर-संरचनावादी होते असं अजिबात नाही, आणि हे असं शिकवतात ह्याचं मला खरंच वाईट वाटतं कारण पोरं त्यात सहा-सहा महिने घालवतात. ‘मेमेंटो’ घे, २००० सालचा. रंगीत सीन उलट्या क्रमानं जातात, ब्लॅक अँड व्हाइट सीन सुलट्या क्रमानं, आणि शेवटी दोन्ही धागे एकमेकांना येऊन मिळतात. थोड्याफार शंका राहतात, पण घरी जाऊन कागदावर सगळे तुकडे ओळीत लावलेस तर काय झालं आणि कशामुळं झालं हे बऱ्यापैकी उभं राहतं. म्हणजे पत्ते पिसलेत, पण डाव जुनाच आहे, आणि तो फार उत्तम खेळलाय ही वेगळी गोष्ट. मी माझ्यापुरती एक परीक्षा लावतो: सगळे सीन घड्याळाप्रमाणे लावले तर एकच गोष्ट हाती लागते का? लागत असेल तर ती पारंपरिक गोष्ट, सांगायचा क्रम कसाही असो. तुकडे एकमेकांशी जुळतच नसतील आणि पिक्चर स्वतः त्यातला एक निवडून ‘हे खरं’ म्हणत नसेल, तर मग आपण दुसऱ्या मुलखात आलो.

आता ‘पारंपरिक’ ह्या शब्दाबद्दल पण जरा बोलायला पाहिजे. वर्कशॉपवाले म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात अमेरिकन तीन अंक असतात, पटकथा शिकवणाऱ्या सिड फील्डच्या १९७९ च्या पुस्तकातले, एकशेवीस पानांची स्क्रिप्ट, तीस पानं मांडणी, साठ पानं झगडा, तीस पानं निकाल. पण आपली परंपरा काय तेवढीच आहे होय? नारदीय कीर्तनात पूर्वरंगात बुवा अभंगाचं निरूपण करतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात, म्हणजे अर्थ आधी आणि गोष्ट नंतर. तमाशात सोंगाड्या मधेच वगाच्या बाहेर येऊन समोरच्या माणसांशी बोलतो. आणि ज्यांनी १८८० मध्ये संगीत शाकुंतल उभं केलं ते अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचा जन्म. त्या नाटकांत सूत्रधार आणि नटी येऊन, आता तुम्हाला नाटक दाखवतो असं सांगूनच सुरुवात करायचे. त्यामुळं पात्र कॅमेऱ्याकडं बघून बोललं की ते मॉडर्न, असं कुणी म्हणालं तर मानू नकोस, आपल्याकडं ते दीडशे वर्षांपूर्वी पण जुनंच होतं.

मग पारंपरिक गोष्टीत नेमकं पारंपरिक काय असतं? माझ्या मते एकच, की कुणीतरी अर्थाची हमी घेतलेली असते. बुवा घेतात, सूत्रधार घेतो, पिक्चरमध्ये कॅमेरा घेतो. दोन सीनच्या मध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसतं आणि शेवटी बघणारा उठतो तेव्हा त्याला माहीत असतं की कोण बरोबर होतं आणि काय हरवलं. हे कमी दर्जाचं आहे असं मी कधीच म्हणणार नाही, हे जमवायला आयुष्य जातं.

दुसऱ्या बाजूची थिअरी जेवढी लागते तेवढीच सांगतो. रशियात व्लादिमीर प्रॉपनं १९२८ मध्ये परीकथांचा अभ्यास करून दाखवलं की वरून कितीही वेगळ्या दिसल्या तरी आत एकतीस ठरावीक क्रिया असतात आणि त्या ठरावीक क्रमानंच येतात. त्याआधी भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरनं सांगितलं होतं की शब्दाला अर्थ मिळतो तो दुसऱ्या शब्दांपेक्षा वेगळा असल्यामुळं, वस्तूला चिकटल्यामुळं नाही. ही झाली संरचनावादाची बाजू, म्हणजे गोष्टीच्या आत सांगाडा असतो आणि तो शोधता येतो. मग १९६६ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदानं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला भाषण दिलं आणि विचारलं की ह्या सांगाड्याला मध्यभागी धरून ठेवणारं जे केंद्र तुम्ही मानता ते तिथं बसवलं कुणी? फ्रेंच समीक्षक बार्थनं १९६७ मध्ये लिहिलं की लेखक हा अर्थाचा मालक नाही, अर्थ वाचणाऱ्याकडं गोळा होतो. आणि १९७० मध्ये त्यानंच बाल्झाकच्या एका गोष्टीचे ५६१ तुकडे करून दाखवलं की एकाच वाक्यात किती आवाज एकदम बोलत असतात. मुद्दाम सांगतो की ही सगळी माणसं ‘वाचायचं कसं’ ह्याबद्दल बोलत होती, पिक्चर असा काढा म्हणून रेसिपी कुणी दिलेली नाही, त्यामुळं ‘पोस्ट-स्ट्रक्चरलिस्ट पिक्चर’ हा शब्द तसा ढिलाच आहे. आपण तो एवढ्याच अर्थानं वापरू, की ज्या पिक्चरमध्ये अर्थाची हमी कुणीच घेत नाही आणि ती घेतलेली नाही हे बघणाऱ्याला जाणवतं.

आता तुझ्या कामाचं, इथं नीट लक्ष दे. पिक्चरमध्ये जे दिसतं ते माणूस खरं धरतो. आज्जी तोंडानं सांगतेय तोवर ती आज्जीची बाजू असते, पण ज्या क्षणी तू कट मारून त्या रात्रीचा फ्लॅशबॅक दाखवलास, डांबराचा डबा, हात, पाटी, त्या क्षणी ते ‘घडलं’. १९५० साली दोन पिक्चर आले. हिचकॉकच्या ‘स्टेज फ्राइट’मध्ये सुरुवातीलाच एक माणूस हकीकत सांगतो, ती फ्लॅशबॅकमध्ये दिसते आणि शेवटी कळतं की ती खोटी होती. लोक चिडले, आपल्याला फसवलं म्हणाले, आणि पुढं हिचकॉकनं स्वतःच मान्य केलं की तसं करायला नको होतं. त्याच वर्षी जपानमध्ये कुरोसावाचा ‘राशोमोन’ आला, त्यात एका सामुराईच्या मरणाच्या चार हकीकती, डाकूची, बायकोची, मेलेल्या माणसाची एका अंगात आणणाऱ्या बाईमार्फत, आणि लाकूडतोड्याची, चारही फ्लॅशबॅकमध्ये दिसतात आणि चारही एकमेकींशी जुळत नाहीत. म्हणजे खोटे फ्लॅशबॅक तिथं किती तरी जास्त, पण कुणाला फसवल्यासारखं वाटलं नाही आणि १९५१ ला व्हेनिसचं सर्वोच्च बक्षीस मिळालं.

असं का झालं हे मी खूप दिवस फ्रेम फ्रेम थांबवून बघितलंय. ‘राशोमोन’मध्ये साक्षीदार कोर्टाच्या अंगणात बसून थेट कॅमेऱ्याकडं तोंड करून बोलतात, न्यायाधीश कधी दिसत नाही की ऐकू येत नाही. त्याच्या जागेवर आपणच बसलेलो असतो. त्यामुळं पुढचा फ्लॅशबॅक ही साक्ष आहे हे आपल्याला अंगात भिनलेलं असतं. हिचकॉकनं ती हमी न सांगता काढून घेतली, कुरोसावानं ती पहिल्यापासून आपल्या हातात ठेवली. सगळं तंत्र ह्या एका फरकात आहे, आणि तुझ्या फिल्मचा सगळा प्रश्न पण हाच आहे.

तरी ‘राशोमोन’ शेवटपर्यंत मोकळा राहत नाही हे पण बघ. साक्षी ज्या मूळ गोष्टीतून आल्या ती जपानी लेखक अकुतागावाची १९२२ ची गोष्ट, ती साक्षी देऊन सरळ थांबते, वर कुणी काही बोलत नाही. कुरोसावानं त्याला पावसातलं मोडकं दार जोडलं, लाकूडतोड्याला आणखी एक हकीकत दिली आणि शेवटी एक टाकून दिलेलं तान्हं बाळ त्याच्या हातात दिलं. म्हणजे सत्य सापडलं नाही तरी माणुसकी सापडली, असं दार लावून घेतलं. मला तो शेवट आवडतो. पण ती परत पारंपरिक हमी आहे, आणि पिक्चर एकाच वेळी दोन्ही घरी राहू शकतो एवढं त्यावरून कळतं.

आता इथली गोष्ट. मला नेहमी वाटतं की आपल्या ह्या पट्ट्यातल्या माणसाला देरिदा समजायला पॅरिसला जायची गरज नाही. एक साधं काम कर, तुझ्या फिल्मच्या पहिल्या फ्रेमवर जागेचं नाव टाकायचंय असं समज. बेळगाव लिहिणार की बेळगावी? २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून सरकारी नाव बेळगावी आहे, घरात आपण बेळगाव म्हणतो, जुन्या इंग्रजी कागदांवर बेलगाम दिसतं. कुठलंही लिहिलंस तरी पिक्चर सुरू व्हायच्या आधी तू कुठंतरी उभी राहिलीस. कुठं उभं न राहणारं नावच शिल्लक नाही. तारखेचं पण तेच, १ नोव्हेंबर लिहिलंस तर त्याच शहरात त्याच सकाळी कुणासाठी राज्योत्सव आणि कुणासाठी काळा दिवस, १९५६ ला बेळगाव महाराष्ट्राच्या बाजूला न येता आजच्या कर्नाटकात गेलं तेव्हापासूनचं सगळं त्या दोन शब्दांत येऊन बसतं. ज्ञानेश्वरांच्या अभंगातला ‘कानडा’ विठ्ठल आठव. कानडा म्हणजे कर्नाटकातला, आणि कानडा म्हणजे न कळणारा, अगम्य. एक अर्थ घेतला की दुसरा जात नाही, तो पाठीमागं उभाच असतो. लहानपणी शेजारच्या वारकरी आजोबांनी मला हे समजावलं होतं तेव्हा मी अर्धी रात्र जागा होतो.

तर तुझं फुटेज. मामांच्या इंटरव्ह्यूमधलं जे वाक्य तू लिहून पाठवलंस, ‘अदु नम्म बोर्ड’, ते वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं. कन्नडमध्ये ‘नम्म’ एकच आहे. मराठीत आपल्याकडं दोन आहेत, ‘आमचा’ आणि ‘आपला’. आमचा म्हटलं की समोरचा बाहेर राहिला, आपला म्हटलं की तो आत आला. कन्नडमध्ये बोलणाऱ्याला हे ठरवावंच लागत नाही, पण मराठी सबटायटल लिहिताना तुला ठरवावंच लागणार, सुटका नाही. ‘तो आमचा बोर्ड होता’ लिहिलंस तर मामा आणि त्यांची माणसं एका बाजूला आणि आज्जा दुसऱ्या बाजूला, म्हणजे डांबराचा संशय त्या एका शब्दानं त्यांच्या दारात गेला. ‘तो आपला बोर्ड होता’ लिहिलंस तर दोन जोडीदारांनी मिळून उभी केलेली वस्तू, आणि मामा त्या रात्री आज्जांइतकेच लुटले गेले. चित्र तेच, आवाज तोच, आणि गोष्ट उलटी.

मी असतो तर ते वाक्य फिल्ममध्ये दोनदा ठेवलं असतं. एकदा पाचव्या-सहाव्या मिनिटाला, पप्पांच्या हकीकतीनंतर, सबटायटलमध्ये ‘आमचा’. आणि शेवटाकडं तोच शॉट, तेवढीच लांबी, एक फ्रेम इकडं तिकडं नाही, सबटायटलमध्ये ‘आपला’. काही सांगायचं नाही, म्युझिक नाही. पुण्यात बसून बघणारा माणूस पहिल्यांदा एक समजेल आणि दुसऱ्यांदा दचकेल, की अरे मला इतका वेळ हा मजकूर कोण वाचून दाखवत होतं? आणि खानापूर, निपाणी, बेळगावचा माणूस, ज्याला दोन्ही भाषा येतात, त्याला पहिल्याच वेळी कानात एक आणि डोळ्यात दुसरं लागेल, तो बाकीच्यांच्या आधी अस्वस्थ होईल. एकाच पडद्यावर दोन पिक्चर चाललेले असतील. अर्थ वाचणाऱ्याकडं गोळा होतो असं बार्थ म्हणाला त्याचं ह्याच्याहून साधं उदाहरण मला माहीत नाही, आणि ह्यासाठी टाइमलाइन तोडायची काही गरज पडली नाही बघ.

फ्लॅशबॅकबद्दल माझं मत असं की त्या रात्रीचं काहीच दाखवू नकोस. त्याऐवजी आज्जा पाटी परत रंगवतायत तो शॉट एकदाच नीट घे, खडूचा दोरा ताणून लाइन मारण्यापासून. देवनागरी वरच्या रेषेला लटकते आणि कन्नड अक्षरं गोल, सुटी सुटी, आपापल्या डोक्यावरचा फुगारा घेऊन बसतात, आज्जांचा हात दोन्हीकडं कसा बदलतो ते क्लोजअपमध्ये येऊ दे. मग तोच चाळीस-पन्नास सेकंदांचा शॉट तिन्ही आवाजांखाली लाव. आज्जीच्या आवाजाखाली तो हात दमलेला दिसेल, पप्पांच्या आवाजाखाली रागावलेला, मामांच्या आवाजाखाली काय दिसेल ते मला पण आत्ता सांगता येणार नाही. हे मी एकदा एका कन्नड डॉक्युमेंटरीत केलंय आणि डायरेक्टरला शपथेवर सांगावं लागलं की शॉट बदललेला नाही.

आता उलट बाजू, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला त्यानंतर चिकोडी तालुक्यातल्या एका बाईंवर फिल्म होती, घराची भिंत पडली, भरपाईच्या यादीत नाव नाही, हेलपाटे. डायरेक्टर तरुण होता, मनापासून काम करणारा, त्याला ती पण तुकड्या-तुकड्यांत, प्रत्येकाचं सत्य वेगळं अशी करायची होती, ऑफिसातल्या माणसाची पण एक बाजू म्हणून. मी तसा रफ कट केला सुद्धा. बघितला आणि माझ्या पोटात कसंतरी झालं. कारण भिंत पडली होती. ते कुणाच्या वाचनावर अवलंबून नव्हतं. चार आवाज शेजारी शेजारी ठेवल्यावर जो चुकला होता त्याला आरामात लपायला जागा मिळाली आणि जिचं घर गेलं ती चौघांतली एक झाली. आम्ही तो कट मोडला आणि सरळ तारखेप्रमाणे लावला, पाणी कधी आलं, भिंत कधी पडली, अर्ज कधी दिला, परत कधी बोलावलं. इतकी जुनी, इतकी साधी रचना, आणि गावात दाखवली तेव्हा लोक उठून यादीबद्दल बोलाय लागले.

म्हणून तुला विचारतो, तुझ्या गोष्टीत भिंत कुठली आहे? डांबर फासलं गेलं, ही भिंत. त्यात शंका आणू नकोस, ती सकाळ, पाटी, आज्जांचं तोंड, हे सगळं सरळ सांग. कुणी फासलं हे कुणालाच माहीत नाही आणि प्रत्येकाला ज्याचं त्याचं माहीत आहे, तिथं हमी सोड. म्हणजे अर्धी फिल्म पारंपरिक आणि अर्धी नाही असं होईल, आणि होऊ दे की. ‘फँड्री’ बघितलाच असशील. तासाभराहून जास्त वेळ अगदी क्लासिक बांधणी, मुलाला काय हवंय, आड काय येतं, अपमान कसा चढत जातो. आणि शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडं येतो. इतका वेळ सुरक्षित बसून बघणाऱ्याची जागाच त्या एका शॉटनं काढून घेतली. आधीची सरळ गोष्ट इतकी घट्ट नसती तर त्या दगडाला वजन आलं नसतं. आणि ‘कोर्ट’, २०१४ चा, तो तर क्रमानं सरळच जातो, पण आरोपी शाहिराला सोडून वकिलांच्या घरी, जेवायला, भाजी घ्यायला जातो आणि संपतो ते न्यायाधीशाच्या सुट्टीवर. केस ज्याची, तोच मधोमध नाही. केंद्र हलवायला घड्याळ मोडावं लागत नाही हे तिथं दिसतं.

करताना काही गोष्टी सांभाळ. सगळ्यात आधी कागदावर सगळं तारखेप्रमाणे सरळ लाव, प्रत्येक सीनच्या मध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ लिहून बघ, जिथं दोन्ही बसत नाही ती तुझ्या फिल्मची खरी जागा. तिघांचे इंटरव्ह्यू एकाच खुर्चीवर, एकाच लेन्सनं, एकाच उजेडात घे, कुणाला खालून आणि कुणाला वरून घेतलंस तर निकाल तू आधीच दिलास. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घे, मामा हळू बोलतात म्हणालीस. आणि स्वतःचा व्हॉइसओव्हर टाकायचा मोह होईल, नात आहेस, हक्क आहे, पण तू बोललीस की हमी तुझ्याकडं आली असं होईल, त्यामुळं टाकायचाच असला तर तू पण त्याच खुर्चीवर येऊन बस आणि चौथी साक्ष दे.

राहिलं मामांचं. तू विचारलंयस की त्यांना ‘नम्म’ म्हणजे आमचा की आपला असं सरळ विचारू का, त्यांना मराठी तर चांगलं येतं. शूटच्या आधी विचारू नकोस, सबटायटलचे दोन्ही कट झाले की मग त्यांना घरी बोलव, आज्जी आणि पप्पांबरोबर बसव आणि दाखव. ते काय म्हणतात ते रेकॉर्ड करायचं की नाही हे त्यांनाच ठरवू दे. चाळीस वर्षं एकाच शिडीवर उभं राहून दोघांनी पाट्या रंगवल्यात, त्या माणसाचा शब्द आपण दोनदा दोन तऱ्हेनं लिहिणार आहोत, तो पडद्यावर जायच्या आधी त्यांनी बघितलेला असला पाहिजे. त्यांना एक कट नको वाटला तर तो काढ. फिल्म थोडी दुबळी होईल, चालेल मला. मग हार्ड डिस्क घेऊन शहापूरला ये, रविवारी सकाळी मी मोकळा असतो.